आधी हे धर

"म्हणजे मी जाऊ की राहू?"

विश्वजितने हेच सकाळी विचारलं होतं, जेवताना पुन्हा विचारलं होतं. आता दुपार कलली होती आणि गोदामात दोघंच उरले होते.

बाई आतल्या खोलीतून बाहेर येत होत्या. दोन्ही हात पुढे, कोपरं पोटाशी घट्ट, पाठ किंचित मागे. दारातून येताना त्या जराशा तिरक्या झाल्या, हातातली वस्तू चौकटीला लागू नये म्हणून.

हातात काही नव्हतं.

"आधी हे धर," बाई म्हणाल्या.

त्याने धरलं.

बाईंकडे येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. कुणी असं काही पुढे केलं की घ्यायचं, हे आता डोक्याला विचारावं लागत नसे. पंजे उघडले, गुडघे थोडे वाकले, खांदे खाली आले. वस्तू जड होती, मधे फुगीर होती. ती त्याच्या हातात नीट बसेपर्यंत बाईंनी सोडली नाही.

मग त्यांनी आपली मनगटं दाबली आणि भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. बसताना दोन्ही गुडघे कुरकुरले.

हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही. त्याला स्वतःचं विचारायचं होतं.

"बाई, पाच वाजता मुंबईहून प्रधानांचा फोन येणार आहे."

"येऊ दे."

"मला हो किंवा नाही सांगायचंय."

"सांग."

"काय सांगू?"

बाईंनी शेजारचा मुखवटा मांडीवर घेतला. सासूचा. हनुवटीला तडा गेला होता. खळीच्या वाटीत बोट बुडवून त्यांनी कागदाचा एक लहानसा तुकडा ओला केला.

"आधी मला हिची हनुवटी लावू दे," त्या म्हणाल्या.

...

सांगलीतलं हे हळदीचं जुनं गोदाम. पोती गेली, व्यापारी गेले, वास राहिला. फरशीच्या फटींत अजून पिवळी पूड आहे. तालीम संपली की सगळ्यांचे तळवे पिवळे झालेले असतात. चपला दाराबाहेर काढायच्या. भिंतीवर खिळ्यांना मुखवटे टांगलेले: पुढारी, नवरी, म्हातारा, आणि एक ज्याला नाव नाही. सगळे बाईंच्या हातचे. वर्तमानपत्राचे कपटे, मैद्याची खळ, थरावर थर, सावलीत वाळवलेले.

बाई म्हणजे वत्सला तेरदाळकर. ऐन तरुणपणी त्यांनी नाटकं लिहिली. ती गाजली. मग एके दिवशी लिहिणं थांबवून त्या मूकाभिनयाकडे वळल्या. पुढे मुखवटे आले. आता सत्तरी उलटली आहे. सत्कार झाला की कुणीतरी त्यांना हमखास बहुआयामी म्हणतं. तो शब्द आला की बाई शेजारच्याला विचारतात, चहा आहे का.

गोदामात एकच नियम आहे. इथे जे मांडलं ते उचलेपर्यंत तिथेच असतं.

कोपऱ्यात एक विहीर आहे. कुठल्यातरी जुन्या प्रयोगात ती तिथे खणली गेली, प्रयोग बंद झाला, विहीर कुणी बुजवली नाही. झाडू मारणारासुद्धा तिच्या काठाकाठाने मारतो.

विश्वजित पहिल्या आठवड्यात तिच्यावरून सरळ चालत गेला होता. तालीम थांबली. मंडळी धावली. कुणी दोर टाकला, कुणी त्याच्या बगलेत हात घातले, हसीनाभाभीने त्याचा सदरा पिळून पिळून पाणी काढलं आणि त्याला उन्हात उभं केलं. वाळेपर्यंत आत यायचं नाही. तो तिथे बराच वेळ उभा होता, कानापर्यंत लाल. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धांत करंडक घेतलेला लेखक होता तो. त्याच्या संवादांवर परीक्षक उभे राहिले होते. आणि इथे एक बाई त्याचा कोरडा सदरा पिळत होती.

त्याच आठवड्यात त्याने आपलं दोन अंकी नाटक बाईंना वाचून दाखवलं होतं. बाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "फार सुंदर वाचलंस," म्हणाल्या. त्याला आनंद झाला. त्या वाक्याचा अर्थ बऱ्याच दिवसांनी लक्षात आला.

नंतर त्याने एक मुखवटा केला. हसरा. गालांवर वळ्या, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, तासन्‌तास घासून गुळगुळीत केलेला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"हा तर आधीच हसतोय," त्या म्हणाल्या. "आता तू काय करणार?"

तो मुखवटा अजून त्याच्या पिशवीत आहे.

...

"काल जे झालं ते तुम्हाला चालतं?" विश्वजितने विचारलं.

बाईंनी खळ लावलेला कागद बोटाने दाबून बसवला.

काल नदीकाठच्या एका गावात जत्रेतला प्रयोग होता. शेजारच्या मांडवात ऑर्केस्ट्रा. यांचा मुखवट्यांचा प्रयोग, एक शब्द नाही. सुरुवातीला मांडव भरलेला होता. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, आता बोलतील, मग बोलतील. मग एकेक उठला. शेवटी पुढच्या रांगेत काही म्हातारी माणसं राहिली, त्यातली निम्मी झोपलेली. पडदा पडल्यावर आयोजकाने माइक हातात घेऊन सांगितलं, मुके असूनही या कलाकारांनी एवढी मेहनत घेतली, त्यांच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.

टाळ्या झाल्या. त्या एवढ्याच.

हसीनाभाभीने ते मनावर घेतलं नाही. उलट टेम्पोत बसेपर्यंत ती आयोजकाशी हातवारे करूनच बोलली. त्या बिचाऱ्याने निघताना तिला मोठ्या आवाजात, ओठ नीट हलवून सांगितलं, ताई, पुन्हा या. ती टेम्पोत हसून हसून आडवी झाली. बाकीचेही हसले.

विश्वजित हसला नव्हता. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मुखवट्याच्या आत उकडून त्याच्या कपाळावर पुरळ उठलं होतं आणि ते चुरचुरत होतं. त्याला एवढंच दिसत होतं की आपण तासभर जीव तोडून नाचलो आणि लोक आपली कीव करून घरी गेले.

"मी विचारतोय काहीतरी," तो आता म्हणाला.

"ऐकतेय मी."

"तुम्हाला राग येत नाही?"

"यायचा," बाई म्हणाल्या. "आता गुडघे दुखतात. दोन्ही एकदम होत नाही."

हातातलं ओझं त्याने किंचित वर घेतलं, छातीच्या जवळ. दंड भरून आले होते. त्याला वाटलं, ही परीक्षा आहे. बाई बघतायत, किती वेळ धरतो ते. मग तर खाली ठेवायचंच नाही.

"हात दुखतायत का?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"बरं."

...

हसीनाभाभी चहा घेऊन आली. मिरजेची. एकेकाळी कनातीतल्या तमाशात सोंगाड्याबरोबर मावशीचं काम करायची, आता इथे सासू, म्हातारी आणि गरज पडली तर म्हातारा. एका हातात किटली, एका हातात कपबशा, तरी कोपऱ्यातल्या विहिरीला तिने बरोबर वळसा घातला.

एक कप तिने बाईंना दिला. विश्वजितचे हात गुंतलेले पाहून त्याचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"विशू, जातोस म्हणं मुंबईला?"

"अजून ठरलं नाही, भाभी."

"गेलास तर मालिकेत एखादी सासू असंल तर बघ की. आणि त्यांना सांग, ही बोलते म्हणून. इकडं कुणाला ठाऊक नाही अजून."

त्याच्याही ओठांना हसू येऊन गेलं.

बाईंच्या मांडीवरच्या मुखवट्याकडे बघून भाभी म्हणाली, हनुवटी जरा बेतानं लावा, मागच्या खेपेला तीन दिवस जबडा दुखत होता. मग ती किटली घेऊन, विहिरीच्या काठाने, बाहेर गेली. तिच्या कुणाशीतरी बोलण्याचा आवाज गल्लीत दूर जाईपर्यंत येत राहिला.

चहाची वाफ खिडकीशी वर जात होती. विश्वजितने कपाकडे पाहिलं. हात मोकळे नव्हते.

"बाई, मी तुमच्याबद्दल एक बोलू? रागावणार नाही ना?"

"मघाशीच सांगितलं."

त्याने मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. त्याने त्यांची नाटकं वाचली होती, जुनी परीक्षणं शोधली होती, त्यांच्या काळच्या नटांना जाऊन भेटला होता. तो म्हणाला, लोक तुमच्या वाटचालीला प्रवास म्हणतात, मला तो प्रवास वाटत नाही. शब्द अपुरे पडले तेव्हा तुम्ही शब्द टाकलेत. मूकाभिनयात नाव झालं, मग तेही पुरेना, तेव्हा चेहरा झाकलात. दर वेळी जिथे भिंत आली तिथून तुम्ही निघालात.

"तुम्ही पळालात, बाई," तो म्हणाला. "दोनदा पळालात. आणि मी एकदा निघतो म्हटलं तर तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

बाईंनी कप तोंडाला लावला. एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"नाटक लिहायचे तेव्हा वाटायचं, नट माझे शब्द खातात," त्या म्हणाल्या.

"मग?"

"शब्द काढून टाकले. मग कळलं, आता माझा चेहरा खातोय."

"काय खातोय?"

"तेच. जे पोचायला पाहिजे ते."

"म्हणून मुखवटे."

"म्हणून मुखवटे."

"आणि मुखवट्यात काय मिळालं?"

बाईंनी खरोखरच विचार केला. मांडीवरच्या सासूच्या रिकाम्या डोळ्यांत पाहिलं.

"घाम," त्या म्हणाल्या.

त्याला चीड आली. असं उत्तर त्याला नको होतं. वर्तमानपत्राला द्यायला ते ठीक होतं, त्याला देण्यासारखं नव्हतं. त्याने या माणसासाठी घर सोडलं होतं. वडिलांशी बोलणं टाकलं होतं. बरोबरीची मुलं कुठच्या कुठे गेली होती आणि तो इथे हळदीत पाय बुडवून नसलेल्या विहिरीला वळसे घालत होता. आता निदान एक वाक्य. सरळ, पुरं, ज्यावर पाय देऊन उभं राहता येईल असं एक वाक्य.

"माझ्यात ते आहे का?" त्याने विचारलं. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा बारीक आला. "एवढंच सांगा. असेल तर राहतो. नसेल तर पाच वाजता हो म्हणतो. तुमच्यावर राग धरणार नाही."

"ते म्हणजे काय?"

"तुम्हाला माहितीये."

बाईंनी मुखवटा हातात धरून मान हलवली. नकारार्थी नव्हे. दमलेलं माणूस हलवतं तशी.

"मी दमलेय रे," त्या म्हणाल्या. "आज मला कुणाला थांबवायचंही नाही आणि पाठवायचंही नाही."

"म्हणजे जाऊ."

"म्हणजे दमलेय."

...

बाई पॉलिश पेपरने मुखवट्याची आतली बाजू घासत होत्या, नाकाला घासतो तिथे. खसखस आवाज. चहावर साय धरली होती. विश्वजितचे दंड आता थरथरत होते. त्याने ओझं कमरेवर टेकवून घेतलं, बायका कळशी घेतात तसं, आणि पाय बदलला.

"मालिकेत काय लिहायचं असतं?" बाईंनी विचारलं.

त्यांनी ते कुतूहलानेच विचारलं होतं. त्याला टोमणा वाटला.

त्याने सांगितलं. रोज संवाद लिहायचे. गोष्ट दुसरा कुणी देतो, प्रसंग तिसरा कुणी पाडतो, माणसं काय बोलतील ते याने लिहायचं. आज लिहिलेलं परवा घराघरात ऐकू जातं. त्यात कमीपणा नाही, तो म्हणाला. लोक जेवताना ऐकतात, भाजी निवडताना ऐकतात. त्यातलं एखादं वाक्य जरी खरं लिहिलं तरी ते कुणाच्या तरी घरात पोचतं.

"पोचतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही हसताय."

"नाही हसत."

"मनात हसताय. सगळे हसतात. पण निदान तिथे ऐकायला माणूस तरी असतो." त्याचा आवाज चढला. "इथे कोण आहे? काल कोण बघत होतं, बाई? कुणासाठी केलं आपण ते? सांगा ना, कुणासाठी?"

आणि त्याने दोन्ही हात फेकले. एक भिंतीकडे, एक दाराकडे.

बाईंचे डोळे घट्ट मिटले. खांदे वर चढले. पॉलिश पेपर हातातच थांबला.

गोदामात काहीच आवाज झाला नव्हता.

विश्वजितने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हवेत होते. उघडे... आणि हलके.

बाईंनी डोळे उघडले. त्याच्या पायांशी पाहिलं, मग थोडं पुढे, मग सतरंजीच्या कडेपर्यंत.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या.

मुखवटा त्यांनी बाजूला ठेवला, चेहरा वर करून. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला देत त्या उठल्या, दोन पावलं आल्या आणि पुन्हा खाली बसल्या. त्यातच त्यांना धाप लागली. मग त्या वेचू लागल्या.

आधी मोठे तुकडे. एकात एक बसवून डाव्या पंजावर. मग लहान. अगदी बारीक होते ते बोटाचं टोक दाबून उचलत, आणि अंगठ्याने पंजावर सोडत. कुणी बघतंय म्हणून करायचं तसं काही त्यात नव्हतं. घरात काही फुटलं की दुसरं कुणी यायच्या आत बाई माणूस जसं वेचून टाकतं, तसं.

"बाई, राहू द्या."

त्या वेचत राहिल्या.

"बाई, तुमचे गुडघे... उठा ना."

त्यांनी पुढचा तुकडा उचलला.

"बाई, तिथे काही नाहीये."

हे वाक्य या गोदामात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर त्यालाच ते मोठं झाल्यासारखं वाटलं. भिंतीवरचे मुखवटे समोर बघत होते.

बाईंनी त्याच्या पायाच्या अंगठ्याजवळचा एक तुकडा अलगद काढून घेतला.

"काय होतं ते?" शेवटी त्याने विचारलं.

"तू धरलं होतंस," बाई म्हणाल्या.

तो उभाच राहिला. इतका वेळ धरलं होतं. वजन माहीत होतं, फुगवटा माहीत होता, कमरेवर ते कुठे टेकतं तेही माहीत होतं. दंडांना अजून कळ लागत होती. आणि आत काय होतं, कशाचं होतं, कुणाचं होतं, हे एकदाही खाली पाहून बघितलं नव्हतं.

बाई आता सतरंजीची कड उचलून खाली बघत होत्या. मान खाली, पाठीचा कणा पदरातून दिसत होता. म्हाताऱ्या माणसाचा.

विश्वजित गुडघ्यांवर बसला.

सुरुवातीला त्याचे हात नुसतेच फरशीवर फिरले. कुठून सुरुवात करावी कळेना. मग एक तुकडा सापडला. मग त्याच्या शेजारी दुसरा. वळणदार, काठाचा असावा. त्याने तो पंजावर ठेवला. तिसरा दोन फरशांच्या फटीत अडकला होता, तो काढताना त्याने बोट आत घातलं, आणि झटकन हात मागे घेतला. बोट तोंडात गेलं.

जिभेवर हळदीची चव आली.

तो तसाच थांबला, बोट तोंडात. आपण हे ठरवून केलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात येत होतं.

"लागलं?" बाईंनी विचारलं.

"थोडं."

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा फरशीकडे वळल्या.

दोघंही वेचत राहिले. तो दाराच्या बाजूने, बाई खिडकीच्या बाजूने. एकदा दोघांचे हात एकाच तुकड्यावर आले. बाईंनी तो त्याला घेऊ दिला. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

थोड्या वेळाने बाईंनी आपल्या पंजावरचे तुकडे त्याच्या ओंजळीत ओतले. त्याने दोन्ही पंजे जवळ आणले, बोटं जुळवली, कडेने काही सांडणार नाही असं धरलं.

आणि फोन वाजला.

फोन खिडकीच्या कट्ट्यावर होता, गार चहाच्या शेजारी. थरथरत होता आणि त्याच्याबरोबर बशी किणकिणत होती. नाव इथूनही दिसत होतं. मुंबईचे प्रधान. पाच वाजले होते.

विश्वजितने फोनकडे पाहिलं.

मग ओंजळीकडे.

उठून एक पाऊल त्याने कट्ट्याच्या दिशेने टाकलं. थांबला. ओंजळ सोडायची तर ती कुठे तरी ठेवायला हवी होती. जमिनीवर ठेवून चालणार नव्हतं. कट्ट्यावर जागा नव्हती. एका हातात मावण्यासारखं ते नव्हतं.

फोन वाजत होता.

बाईंनी वर पाहिलंही नाही. त्या हाताने सतरंजी झटकत होत्या, हळूहळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

फोन वाजून वाजून थांबला. बशी थांबली.

विश्वजितच्या कपाळावरचं पुरळ घामाने चुरचुरलं. पुसायला हात नव्हता.

"बाई," तो म्हणाला. पुन्हा ओंजळीकडे पाहिलं. मग, "हे कुठे टाकू?"

"दाराशी डबा आहे."

होता. पत्र्याचा, खळीचे कागद टाकायचा. तो दाराकडे निघाला. कोपरं अंगाशी, नजर ओंजळीवर, पाऊल आधी टेकवून मग भार देत. वाटेत विहीर लागली, तिला त्याने वळसा घातला. मागे कट्ट्यावर फोन पुन्हा वाजायला लागला.

तो वळला नाही.

बाईंनी सासूचा मुखवटा मांडीवर ओढून घेतला, हनुवटी वाळली का बोटाने पाहिली आणि मान खाली घालूनच म्हणाल्या,

"जपून. अनवाणी आहेस. एखादा तुकडा राहिला असेल."